सुंठ कोणत्या बरणीत

साऱ्या जबलपुरात माझ्या साळ्याएवढा शंकेखोर माणूस दुसरा नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर म्हणतो. बायकोचा हा धाकटा भाऊ, एका खासगी दवाखान्यात नर्स. पन्नाशी आली की लोक तीर्थयात्रेचं पाहतात; यानं क्लिनिकल रिसर्चच्या एम.एस्सी.ला नाव घातलं. म्हणजे औषधं माणसांवर कशी पारखायची त्याचा अभ्यास, नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार. पहिल्या दिवशी हा वर्गात शिरला तर सारी पोरं उभी राहिली, त्यांना वाटलं मास्तर आले. हा मागच्या बाकावर जाऊन बसला तेव्हा ती बसली.

मी कारखान्यात लेथ चालवलेला माणूस, शाळा चौथीपर्यंत. मला त्याचं शास्त्र काय कळणार? पण ते आमच्या घरी राहायलाच आलं. सदर बाजारात जलेबी घ्यायला गेलो. हलवाई म्हणाला, "खाओ दादा, ताक़त आती है." हा म्हणतो, "किसकी तुलना में?" हलवायानं झारा खाली ठेवला. इथल्याच गोरखपूर मोहल्ल्यात नात्यातल्या पोरीची सोयरीक जुळत होती. मुलाकडचे म्हणाले, मुलाला कसलंच व्यसन नाही. यानं विचारलं, "किती दिवस पाहिलं, आणि कोणी पाहिलं?" सोयरीक मोडता मोडता राहिली. माझं बीपी पाहायच्या आधी रोज म्हणायचा, "भाऊजी, तुम्ही केव्हाही नाही म्हणू शकता, कारण सांगायची गरज नाही." एकदा मी म्हटलं, "नाही." तर त्या दिवशी जेवला नाही.

"काहून रे, तूच तर म्हटलं होतं."

"हो, पण कोणी म्हणत नसते न, भाऊजी!"

डिग्रीसाठी त्याला एक छोटा प्रयोग घरी करून दाखवायचा होता. माझा गुडघा दुखायचा, अन् बायको म्हणायची, सुंठीनं गुडघा बरा होते. यानं तेच पारखायला घेतलं. एका बरणीतल्या कॅप्सूलमध्ये सुंठ, दुसरीत नुसती कणीक, दिसायला सारख्या. एक महिना ही, एक महिना ती. नियम असा की देणाऱ्याला, म्हणजे त्याला, कळू नये, घेणाऱ्याला, म्हणजे मलाही, कळू नये. कोणत्या बरणीत काय, ते तिसऱ्यालाच ठाऊक. तिसरी माझी बायको. तिनंच भरल्या. जिच्या पोटात मोहल्ल्यातली एक गोष्ट टिकत नव्हती, तिनं ही टिकवली. मी किती गोडीगुलाबी केली. म्हणे, "चूप बसा. पोरगा नापास होईल." पोरगा पन्नाशीचा!

दोन्ही महिने सरले, अन् उत्तर विचारायच्या आधीच ती गेली. सकाळी छातीत कळ आली, दुपारपर्यंत संपलं.

तेरवी झाली आणि साळ्याची कॉलेजात प्रयोग दाखवायची तारीख आली. दोघं बरण्या समोर घेऊन बसलो. गुडघा दोन्ही महिने हलका होता, लाल झाकणाच्या बरणीच्या महिन्यात जरा जास्त. मी म्हटलं, "एक फोड अन् चाख. सुंठ काय लपून राहते?"

त्यानं एक कॅप्सूल उचलली, बोटांत फिरवत बसला, मग परत टाकली. "राहू द्या भाऊजी. ताईनं कोणाला सांगितलं नाही न, मग राहू द्या."

मी त्याला गाढव म्हटलं आणि स्वतः बरणीत हात घातला. मलाही फोडवली नाही.

कॉलेजवाले म्हणाले, प्रयोग अपुरा आहे. पुन्हा करा, नाही तर डिग्री नाही. नव्या बरण्या आल्या. तिसरं माणूस आणायचं कुठून? मीच शेजारच्या मास्तरीणबाईंकडे गेलो. त्यांनी भरून दिल्या. बाई कडक. सकाळी मी ओसरीवर कॅप्सूल घेतो तेव्हा त्या समोर तुळशीला पाणी घालत असतात. चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. साळा खूश. "असं पाहिजे, भाऊजी. ताईचं चुकत होतं."

चुकत तर होतंच. मी गिळली की ती तोंडाला पदर लावून हसायची. दोन्ही महिने, दोन्ही बरण्यांना, सारखंच.

आता सगळं नियमानं चालू आहे. बरणी कोणतीही असो, गुडघा दुखून राहिला.