शेंदरात अडकलेला गिअर आणि पाण्याखालचं माहेर

मामाचा फोन आला, "होडीची मशीन चालू व्हतीय, पण गिअर पडंना. अन् तुझी मामी जेवंना." मी वाळूजला कंपनीत मेंटेनन्सला आहे, त्यामुळे आमच्या नात्यातल्या मिक्सरपासून मोटारीपर्यंत सगळ्यांचे रुसवेफुगवे माझ्याच गळ्यात. नवऱ्याला म्हटलं, रविवारी पैठणकडे जायचंय. तो म्हणाला, "मासे असतील ना?" झालं, ठरलं.

उस्मानपुऱ्यातून उजाडताच निघालो. तुम्हीही तसंच करा, उन्हाळ्यात पैठण रोडवर दहानंतर माणूस भाजून निघतो. बिडकीनला गरम भजी नि चहा, दोघांचं शंभराच्या आत भागलं. नवऱ्याने दुसरी प्लेट मागवली तेव्हा मी सरळ गाडीत जाऊन बसले. पुढे मामाच्या गावाकडे वळलं की रस्त्याची पार वाट लागलेली, स्कूटी अजिबात आणू नका. पण एका चढावर समोर नाथसागर दिसतो आणि सगळी चिडचिड विसरायला होते. एवढं पाणी, आपल्या मराठवाड्यात! मी दरवेळी खुळ्यासारखी बघत बसते.

मामीचं माहेर ह्याच पाण्याखाली आहे. धरण झालं तेव्हा ती पोर होती. गाव उठलं, माणसं चहूकडे पांगली, आणि लग्नानंतर हक्कानं जावं असं दारच तिला उरलं नाही. यंदा पाणी इतकं उतरलं की गावच्या देवीच्या देवळाचा कळस वर आला. मामीने ओटीचं सामान आणलं आणि नेमकी तेव्हाच मामाच्या होडीची मशीन अडली. वल्हं मारत जाण्याइतकं ते जवळ नाही, आणि पाणी चढलं की कळस पुन्हा गडप.

"पाना घालून हाणू का?" मामा म्हणाला.

"हात तर लावून बघा!" मी ओरडलेच. आतला दांडा तुटला असता तर तो इथं मिळाला कुठून असता?

झाकण काढलं. गिअरचा दांडा जिथून आत जातो तिथं लालभडक, दगडासारखा थर.

"मामा, हे काय?"

"शेंदूर."

"मशीनला?"

"मग! दर दसऱ्याला तेलात कालवून लावतो. पोट हाय तिच्यावर आमचं."

मी हसून हसून खालीच बसले. वर्षानुवर्षांचा शेंदूर झिरपून सांध्यात घट्ट बसला होता, बिचारी मशीन हलणार कशी? डिझेल सोडलं, गरम पाण्याची फडकी गुंडाळली, जुन्या ब्रशनं घासलं, लाकडी ठोकळ्यानं हळूहळू ठोकलं. मामी चुलीवरून पाणी आणून देत होती. होडी पुढे ढकलणारा मशीनचा पंखा थोडा फिरल्याशिवाय गिअर बसत नाही, म्हणून नवऱ्याला पंखा फिरवायला बसवलं. भुकेनं तो रडकुंडीला आला होता. एकदाचा 'खट्' आवाज झाला.

"पडला गं, पडला!" मामी किंचाळली आणि माझ्या तोंडावरून हात ओवाळून तिने कडाकडा बोटं मोडली.

लाइफ जॅकेटं चढवून आम्ही निघालो. कळसाजवळ मामाने मशीन बंद केली. मामीने हळदकुंकू वाहिलं, खण-नारळ ठेवला. मग होडीतून वाकून पाण्याकडे बोट दाखवत सुटली, "हितं पार व्हता. त्या अंगाला आमचं घर. दारात लिंब." ओंजळभर पाणी तोंडावर मारून ती अशी खळखळून हसली की मला भरूनच आलं. परतल्यावर भाकरी आणि माशाचा झणझणीत रस्सा. मामीने सगळ्यांत आधी स्वतःचं ताट वाढून घेतलं.

घरी आल्यावर अंग आंबलं होतं, पण मन इतकं हलकं की दुसऱ्या दिवशी कामावर गुणगुणत होते. संध्याकाळी मामीचा फोन.

"शेजारणी इचारीत व्हत्या, काल कुठं गेल्ती म्हणून."

"मग काय सांगितलं?"

"सांगितलं की, माहेरी गेल्ते."