एकशे वीस सेंटिमीटर

आमच्या ऑफिसात तिला सगळे डॉक्टरीण म्हणायचे. सुई टोचणारी नव्हे, घरांच्या आजारी फाइली बऱ्या करणारी. कुणाचं छप्पर शेजारच्या छपराला जुळत नाही, कुणाची खिडकी भिंतीत बुडाली, कुणाचा जिना थेट स्लॅबमध्ये घुसला, की निघाली वरात तिच्या टेबलाकडे. मी तिथला सगळ्यांत जुना ड्राफ्ट्समन, म्हणून मी काका. आयुष्यभर नकाशे हाताने काढले, आणि त्या कॉम्प्युटरचा मला पहिल्या दिवसापासून राग. भिंत धरून ओढावी तर खोली हलते, खोली सावरावी तर छप्पर उडतं! मी करवादायचो, "हे यंत्रच वाकडं आहे." ती म्हणायची, "हो ना काका, नाचता येईना अंगण वाकडं." आणि हसत माझी खुर्ची बाजूला सरकवून दोन मिनिटांत भिंत जागेवर आणून द्यायची.

माउसला हात लावायच्या आधी ती एकच गोष्ट विचारायची, "शेवटचं काय केलंत?" समोरचा हमखास म्हणणार, "काही नाही गं, आपोआप झालं." आपोआप काही होत नसतं हे तिला ठाऊक असायचं, पण ती कुणाला तोंडावर खोटं पाडायची नाही. गळ्यातल्या दोरीचा चष्मा नाकावर चढवायची आणि घराचा एकेक थर दिसेनासा करत जायची. आधी छप्पर, मग स्लॅब, मग फर्निचर. उरलेल्या उघड्या भिंतींकडे बघत पुटपुटायची, "कुठे दुखतंय बाई तुला?" एकदा एका बंगल्याची दोन छपरं तीन दिवस जुळेनात. साहेबांनी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. हिने शोधून काढलं की एक भिंत दुसरीपेक्षा दोन मिलिमीटर उंच आहे. दोन मिलिमीटर! माझ्या नकाशात तेवढं पेन्सिलीच्या रेघेतच गडप झालं असतं.

घरी तिचे वडील होते, अर्धांगवायूने एक बाजू गेलेली. त्यांचं उठवणं, धुणं, भरवणं उरकून ती ऑफिसात यायची, आणि दुपारी त्यांना बघायला तासभर घरी जायची. लग्नाचं कुणी काढलं तर म्हणायची, "माझ्याकडे एक पुरुष आहे, तोच आवरत नाही." पुढे कुणाची विचारायची छाती व्हायची नाही.

मग नवीन घराचे नकाशे काढून घ्यायला घड्याळजी आले. घड्याळं दुरुस्त करायचं त्यांचं छोटं दुकान, माणूस अबोल. बोलायची ती त्यांची बायको. अपघातात तिचं कमरेखालचं अंग निकामी झालं होतं, चाकांच्या खुर्चीत बसून आली होती. साहेब आपले उत्साहाने खिडक्या आणि फरशा दाखवायला लागले, तर तिने हातानेच थांबवलं.

"ते तुमचं तुम्ही बघा हो. मला एकच पाहिजे. बाथरूममध्ये माझं मला जाता आलं पाहिजे. पाच वर्षं झाली, प्रत्येक वेळी यांना हाक मारते."

घड्याळजी हळूच म्हणाले, "मी कधी कंटाळलोय का?"

"तुम्ही नाही कंटाळलात. मी कंटाळले."

 डॉक्टरीण टेप घेऊन उठली. खुर्चीची लांबी, रुंदी, पाय ठेवायची पट्टी कुठवर येते, वळताना किती जागा खाते, सगळं मोजलं. मग बाईंच्या समोर उकिडवी बसून म्हणाली, "वहिनी, पॅसेज एकशे वीस सेंटिमीटर आणि दार नव्वद. तेवढ्यात तुम्ही आरामात वळाल. शब्द देते." बाईंनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आता माझं पाप ऐका.

नकाशे छापून द्यायचे होते, साहेब घाई करत होते, आणि ती दुपारची वडिलांकडे गेलेली. छापण्याआधी शेवटची नजर टाकायचं काम माझं. बघतो तर पॅसेजवर लिहिलेलं, एकशे अठरा पॉइंट सात. प्लास्टरची जाडी धरली होती, त्यामुळे तसा आला होता आकडा. मला पाहवेना. ठरलंय एकशे वीस, तर एकशे वीस लिहावं ना! मी आकड्यावर दोनदा टिचकी मारली आणि वरून एकशे वीस टाइप केलं. चाळीस वर्षं मी हेच करत आलो होतो. ट्रेसिंगच्या कागदावरची शाई ब्लेडने खरवडायची आणि बरोबर आकडा घालायचा. आमच्या गुरूंनी शिकवलंच होतं, नकाशावर पट्टी लावू नका, लिहिलेलं वाचा. लिहिलेलं तेच खरं.

पण कॉम्प्युटरमध्ये तो आकडा भिंतीला बांधलेला असतो. भिंत हलली की तो बदलतो. आपण वरून टाइप केलं की बांधणी तुटली. मग भिंत कुठेही जाऊ द्या, आकडा जागचा ढिम्म हलत नाही. मला हे माहीत नव्हतं. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, पण मी कशाला विचारतोय?

पुढच्या आठवड्यात जिना अरुंद पडतोय म्हणून तिने जिना आणि पॅसेजच्या मधली भिंत पंधरा सेंटिमीटर सरकवली. सरकवल्यावर सगळी मापं नजरेखालून घालायची तिची सवय. पॅसेज एकशे वीसच दिसला. पलीकडची भिंतही सोबत सरकली, असं तिने धरलं. आपल्याच फाइलीवर ती अविश्वास का ठेवेल? नवे नकाशे गेले. गवंड्याने खांबांपासूनची मापं घेऊन भिंती उभ्या केल्या, आणि ती मापं अगदी खरी होती. पॅसेज म्हणजे दोन भिंतींच्या मधे उरलेली जागा, ती वेगळी मोजायला कोण बसतंय?

मोजली ती वहिनींच्या खुर्चीने. प्लास्टर झाल्यावर घड्याळजी त्यांना घर दाखवायला घेऊन गेले. खुर्ची पॅसेजमध्ये सरळ गेली आणि बाथरूमच्या दाराशी वळताना अडकली. पुढे नाही, मागे नाही. घड्याळजींनी खुर्ची उचलून बाहेर काढली आणि साहेबांना फोन केला.

डॉक्टरणीने फाइल उघडली. मी दोन टेबलं सोडून बसलो होतो. तिने तो आकडा निवडला, बाजूच्या चौकटीत खरं माप वाचलं, एकशे तीन पॉइंट सात.  म्हणाली, "हा आकडा मेलेला आहे." साहेब ओरडले, "मेलेला म्हणजे? कुणी केलं हे?" तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फार नाही, पापणी लवेल तेवढंच. मी टेबलावरचे कागद सारखे करत होतो. ते आधीच सारखे होते.

"फाइल माझ्याकडे होती, साहेब," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं साइटवर गेलो. टेप मी धरला. एकशे चार. एका भिंतीत खांब, दुसरीला जिना टेकलेला, हलवायचं काहीच नव्हतं. साहेबांनी सगळ्यांसमोर तिच्याकडे बोट केलं, "हिची चूक." वहिनी खुर्चीतून तिच्याकडे बघत होत्या. "तू शब्द दिला होतास," त्या म्हणाल्या. "तुझा हात धरला होता मी. तुला काय, तू पायांनी चालतेस. पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस." डॉक्टरीण रडत होती आणि मान हलवत होती. मी मूग गिळून टेप गुंडाळला. बोलायला एक वाक्य लागलं असतं. मला भीती कसली होती हे आजही सांगता येत नाही, कारण मला कुणी काढून टाकणार नव्हतं, वर्षभरात मी निवृत्तच होणार होतो. आयुष्यात चुकीचं माप दिलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो. तेवढंच काय ते.

नंतरचे चार दिवस ती त्या फाइलीत बुडून गेली. पॅसेज सोडून दिला. बेडरूम आणि बाथरूमच्या मधल्या भिंतीत सरकतं दार काढायचं, म्हणजे वळायलाच नको, पलंगापासून खुर्ची सरळ आत. पण त्या भिंतीत पाण्याचे पाइप होते. पाइप हलवले तर बेसिन दाराआड येत होतं, बेसिन हलवलं तर फरशीचा उतार उलटा होत होता. तिने एकेक करत सगळं सोडवलं. मग कागदाची खुर्ची कापून छापलेल्या नकाशावर सरकवत बसली. मी विचारलं, "कॉम्प्युटरवर दिसत नाही का?" तर म्हणाली, "आकड्यांवर भरवसा नाही राहिला आता." 

तिला त्या घरात जायची बंदी, म्हणून नकाशे घेऊन मी गेलो. भिंत फोडून दार बसवलं तेव्हाही मीच तिथे. वहिनी एकट्या आत गेल्या, दार सरकवलं, कडी लावली. बराच वेळ झाला. घड्याळजी दाराशी जाऊन म्हणाले, "काही हवंय का?" आतून आवाज आला, "जा हो तिकडे!" घड्याळजी भिंतीला टेकून रडले. मग त्यांनी माझे दोन्ही हात धरले, म्हणाले, "काका, तुमचे उपकार." आणि मी ते घेतले.

साहेबांनी तिच्याकडून घरांची कामं काढून घेतली होती. जुने नकाशे स्कॅन करायला बसवलं होतं तिला, डॉक्टरणीला! महिन्याने तिने राजीनामा दिला. मी घरी बायकोला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "मला काय सांगताय? तिला सांगा." शेवटच्या दिवशी डॉक्टरीण खण रिकामा करत होती, तेव्हा मी तिच्यापाशी गेलो.

"तो आकडा मी घातला होता."

"माहीत आहे," ती म्हणाली. "आकड्यावर आकडा लिहिणारे ऑफिसात तुम्ही एकटेच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते, काका." चष्म्याची दोरी तिने बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली. "ऑफिसात थांबले. साइटवरही थांबले."

ती गेल्यावर साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आता कशाला उकरताय? गिऱ्हाईक खूश आहे." तेव्हा मी सरळ घड्याळजींच्या घरी गेलो. घड्याळजी दुकानात होते, वहिनी एकट्याच होत्या. पाणी त्यांनीच आणून दिलं. मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. 

"त्या दिवशी तुम्ही इथेच होतात ना?" त्यांनी विचारलं. "टेप धरून?"

"हो."

"मी तिला तसलं बोलले, ते तुम्ही ऐकत होतात?"

"हो."

त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी तिला फोन लावला, मांडीवर ठेवला आणि स्पीकर लावला. डॉक्टरणीचा आवाज आला.

"मी घड्याळजींची बायको बोलतेय गं. सगळं कळलं मला. माझं चुकलं, पोरी."

 मग तिने विचारलं, "वहिनी, दार नीट सरकतं ना? एकट्या जाता?"

"एकटी जाते. आतून कडी लावते. बाहेर कुणी खोकलं तरी हाकलते."

डॉक्टरीण हसली. रडत रडत हसली, ते कळत होतं. वहिनींनी पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "तू अजून बघितलंच नाहीस ते. आत्ताच्या आत्ता ये. तुझे काकासुद्धा इथेच बसलेत."

 मग तिचा आवाज आला, अगदी साधा, रागबिग काही नाही.

"ते गेले की कळवा, वहिनी. मी येते."

वहिनींनी फोन ठेवला. माझ्याकडे न बघता त्यांनी खुर्ची बाजूला घेतली, दरवाजापर्यंतची वाट मोकळी केली. मी उठलो आणि चपला घातल्या.