दादांचा ब्रेक

आमच्या रामवाडीतल्या दादांनी आयुष्यभर आपल्या जुनाट मोटारीतून पेणचे गणपती गावोगाव पोचवले. तीच मोटार ते दरवर्षी आमच्या हौशी शर्यतीत उतरवतात. दिवसभर पेण-रोहा फेऱ्या मारायच्या, ज्याच्या जास्त होतील तो जिंकला. गाडी कुठंही बंद पडते. मग दादा बॉनेट थोपटत म्हणतात, "चल गो बाय," आणि ती निघते.

यंदा त्यांच्याशेजारी मी बसलो. प्रत्येक खड्ड्याला ते ब्रेक दाबायचे. खांब गावाजवळ सगळे पुढे गेले तेव्हा मी वैतागलो, "दादा, मागं गणपती नाय!"

"माहीत हाय रं. पण पायाला कोण सांगणार?"

आम्ही शेवटचे आलो. लोक पांगले होते. दादांनी उतरून मागचं दार उघडलं, रिकाम्या सीटकडे वाकून पाहिलं आणि दार हळूच लावलं.