झाडाला वाफ

दवाखान्यात जाताना बायको दारात थांबली आणि कुंडीकडे बघून म्हणाली, “तिकडं पाहजा. झाडाले वाफसा ठेवजा फक्त.” ती परत आली नाही. झाड राहिले.

तिने नर्सरीतून आणलेला तो ख्रिसमस ट्री वर्षभर अमरावतीच्या आमच्या अंगणात असे आणि डिसेंबरात घरात येई. त्याची सगळी निगा तीच राखायची. माहेर तेल्हाऱ्याकडचे, कापसाचे. कुंडीतली काळी मातीही तिने तिथूनच आणलेली. मी शहरात वाढलो, आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला. वाफसा हा शब्द मी वाफेवरून लावला. थंड डोंगरातले झाड, त्याला दमट हवा लागत असणार.

या डिसेंबरात झाड आत घेतले. रोज पाणी घातले आणि शेजारी उकळत्या पाण्याचे पातेले ठेवू लागलो. खालच्या फांद्या पिवळ्या पडत गेल्या, तशी मी वाफ वाढवली. लेक पुण्याहून नाताळला यायची होती. आईचे झाड तिला हिरवे दिसावे, एवढेच मला हवे होते.

शेजारच्या काकूंनी खिडकीतून पातेले पाहिले. “काय सर, झाडाले सर्दी झाली काय?” मी हसलो. तो शब्द मात्र त्यांना सांगितला नाही. तिचा शेवटचा शब्द म्हणून तो तिच्या-माझ्यातच राहावा, असे वाटत होते.

मग अवेळी पाऊस झाला आणि मेव्हण्याचा फोन आला. “भाऊजी, नाताळाले येतो, पण वावरात पाय रुतून राहिले. वाफसा आला का हरभऱ्याले डवरा देतो, तण काढतो अन् निंगतो.”

मी विचारले, वाफसा म्हणजे काय? त्याने प्रश्न पुन्हा विचारायला लावला. बहिणीच्या नवऱ्याला हे माहीत नसेल, असे त्याला वाटले नसावे. मग म्हणाला, ओल असते, पण चिखल नसतो. माती हाताले चिकटत नाही, तो वाफसा.

फोन ठेवून कुंडीत बोट घातले. गारेगार चिखल. पातेले उचलले, पाणी बंद केले. पण आता किती दिवस थांबायचे? न घातलेल्या पाण्यानेच ते मेले तर? सकाळी उठून मी माती चिवडायचो आणि मला काहीच कळायचे नाही.

लेक आली. पिवळी बाजू मी भिंतीकडे वळवली होती. तिने ती पाहिली आणि शेंड्याला चांदणी तेवढी बांधली. मग तांब्या भरून आणला.

“पप्पा, पाणी घालू?”

मी चिमूटभर माती चोळली. ती बोटांना न चिकटता सुटली. निदान तसे वाटले.

“थांब,” मी म्हणालो, “वाफसा आहे.”

तिने माझ्याकडे पाहिले. बरोबर म्हणालो की नाही, कोण जाणे. तांब्या घेऊन आम्ही दोघे तिथेच उभे राहिलो.