देवीची टोपली

आमच्या भातगिरणीचं मृत्युपत्र कधी कोणी केलं नाही, कारण त्याची गरजच नव्हती. दर वर्षी नवं भात झोडून झालं की पहिली टोपली गावदेवीची. आमच्याच शेतातलं भात, आमच्याच गिरणीतल्या हलरवर, म्हणजे भात सडायच्या मशीनवर भरडायचं, आणि त्या तांदळाचा नैवेद्य देवीला जायचा. उरलेला तांदूळ मूठमूठ घरोघर जायचा, देवघरातल्या अक्षतांच्या डबीत. ही टोपली मशीनच्या तोंडात ओतायची ती मालकाने. आजोबांनी एका वर्षी ती बाबांच्या हातात दिली, गावाने बघितलं, आणि त्या दिवसापासून गिरणी बाबांची झाली. आजोबा त्यानंतरही बरीच वर्षं जगले, पण साधा पट्टा बदलायचा तरी कोणी त्यांना विचारलं नाही.

आमचं गाव शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला. मी सासरी थोडी वर्षं काढून परत आले ती थेट गिरणीतच बसले. घरात बसले असते तर येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांनी हळहळ करून करून माझा जीव घेतला असता. गिरणीत एवढा आवाज असतो की कोणाची हळहळ ऐकूच येत नाही. बाबांनी मला मशीन शिकवलं ते काही मोठ्या मनाने नाही, हाताखाली माणूस नव्हता म्हणून. दाणा दाताखाली धरायचा. कट्‌कन तुटला तर भात वाळलंय, नुसता दबला तर ओलं आहे, आणि ओलं भात भरडलं की तांदळाची कणी होते. मशीनची पाती जास्त आवळली तरी कणीच. एवढंच शास्त्र. बाकी सगळं हाताच्या सवयीने येतं.

मग बाबांची एक बाजू गेली. त्यांची खाट गिरणीच्या दाराशी आली आणि गिरणी माझ्या अंगावर. ठाकूरवाडीतल्या बाया टोपल्या घेऊन उतरायच्या त्या 'बायच्या गिरणीत जातो' म्हणायच्या. बाबांच्या कानावर ते पडलं की ते हसायचे. ते हसणं म्हणजे त्यांनी मला दिलेला शब्दच, असं मी धरून बसले होते. माणूस किती खुळा असावा?

माझा धाकटा भाऊ आसनगावला फ्लॅट घेऊन राहतो, कल्याणला नोकरी करतो. तो वाईट नाही, हे मला आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर माझा संताप माझ्याकडून भलतंच लिहून घेईल. बाबांची औषधं तोच आणायचा, त्यांची दाढीही करून द्यायचा. फक्त गिरणीत आला की तो मशीनकडे बघत नसे, जमिनीकडे बघे. रस्त्याला लागून जागा, गोदामवाले विचारतायत, असं तो बाबांच्या पायाशी बसून सांगायचा. मग माझ्याकडे वळून म्हणायचा की ताई, तुझीपण दगदग संपेल. माझ्या दगदगीची याला अचानक केवढी काळजी! गिरणी गेली की मी कुठे बसायचं, हे मात्र त्याने कधी विचारलं नाही. मला या जगात बसायला दुसरी जागाच नव्हती.

भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं, त्याने साडी दिली. मग दोघांनीही बाबांकडे बघितलं. बाबांनी डोळे मिटून घेतले.

त्या वर्षी झोडणीच्या वेळीच पावसाने गाठलं. ताडपत्री टाकेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. नंतर ऊन पडलं, पण पातळ. देवीची पूजा करणाऱ्या भगताने नैवेद्याचा दिवस आधीच ठरवला होता. त्या दिवशी सकाळी दारात माणसं जमली आणि भाऊ रजा टाकून, नवा सदरा घालून आला. गेल्या वर्षापर्यंत बाबा खाटेवरून टोपलीला नुसता हात लावायचे आणि मी ओतायचे. भाऊ कधी आलाच नव्हता. तो सदरा कशासाठी, ते मला कळलं.

मी टोपलीतला दाणा चावला. दबला. दुसरा चावला, तोही दबला. बाबांजवळ जाऊन मी सांगितलं की भात ओलं आहे, आणखी दोन उन्हं देऊ, भगताची मी समजूत काढते. भाऊ म्हणाला, मला पुन्हा रजा मिळायची नाही. मी मुद्दाम खोडा घालते आहे असं त्याला वाटलं असणार. त्याच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

बाबांनी चांगला हात पुढे केला. मी त्यावर चार दाणे ठेवले. त्यांनी एक दाताखाली धरला, सावकाश दाबला आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. माझ्याइतकंच कळलं होतं. मग त्यांनी टोपलीला हात लावला आणि भावाला म्हणाले, "घाल रे."

"बाबा, मोडंल सगळं," मी म्हटलं.

"मोडू दे. तो आलाय ना."

भावाने टोपली ओतली. मोटर मीच चालू केली, दुसऱ्या कोणाला येत नव्हती. खाली सुपात आली ती कणीच. कुठेकुठे अख्खा दाणा होता, तो शोधावा लागत होता. भगताने मूठभर हातात घेतली, बोटाने पसरून बघितली आणि पुन्हा सुपात टाकली. मोडका दाणा देवीला चालत नाही. भाऊ मशीनकडे बघत म्हणाला, हे असं कसं झालं? त्याला खरोखरच माहीत नव्हतं.

बाबांनी मला बोटाने खुणावलं. मी त्यांच्या तोंडाजवळ वाकले.

"सांग, पाती तुझ्या हातून आवळली गेली," ते हळूच म्हणाले. "त्याचा पयला हात हाय. लोक नाव ठेवतील."

"आन मला?"

"तुला काय गो. तू घरचीच."

आजवर मला कोणी एवढ्या मायेने लुटलं नव्हतं. मी वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की पाती मी आवळली, चूक माझी. दारातल्या माणसांना हायसं वाटलेलं मला दिसलं. भगत म्हणाला, जुना तांदूळ आणा, देवी समजून घेईल. भावाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. होतं असं ताई, म्हणाला, आता किती दिवस ओढणार तू हे. त्याचा माझ्यावर पूर्ण विश्वास बसला होता. तो खोटं वागला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

त्यानंतर गिरणीसमोरून टोपल्या जायला लागल्या, आत येईनात. भरदिवसा, ऐन हंगामात, मी पुसलेलं मशीन पुन्हा पुसत बसायचे. बाबा खाटेवरून रस्त्याकडे बघायचे. आम्ही एकमेकांशी जेवणापुरतं बोलायचो. माझा जीव असा तडफडायचा की रस्त्यावर उभं राहून ओरडावं, भात ओलं होतं, ओलं होतं.

एका दुपारी ठाकूरवाडीतली म्हातारी दारात येऊन थांबली. मला मशीन येत नव्हतं तेव्हापासून ती आमच्याकडे भात आणायची. तिने टोपली उंबऱ्याबाहेर उतरवली आणि आत आली नाही.

"राग नको धरू गो बाय," ती म्हणाली. "वरीसभराचं भात हाय. कणी झाली तर पोरांना काय घालू? मी पल्याडच्या गिरणीत जाते. तुला न सांगता जायला बरा नाय वाटला."

बाकीचे न सांगताच गेले होते. ही एकटी सांगायला आली होती. मी तिच्याजवळ गेले. आता हिला तरी खरं सांगायचं, असं ठरवून मी तोंड उघडलं. खाट करकरली. बाबांनी उशीवरून मान उचलली होती. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

टोपली जड होती, म्हातारीला एकटीला उचलेना. मी वाकले, आणि ती तिच्या डोक्यावर चढवून दिली.