डोहाचा पत्ता

वर्तमानपत्राच्या कचेरीत मुद्रितं तपासण्यात त्यांची अकरा वर्षं गेली. आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि सुट्टीच्या दिवशी थोरल्या मेहुण्याबरोबर नदीवर गळ टाकून बसायचं. एकदा ऐनवेळी जाहिरात रद्द झाली आणि सातव्या पानावर वीतभर जागा मोकळी राहिली.

संपादक म्हणाले, "तुम्ही त्या माशांच्या गप्पा मारता ना, त्याच लिहा. अर्ध्या तासात!"

हातातून निसटलेल्या एका माशाबद्दल त्यांनी लिहिलं. वाचकांची चाळीस पत्रं आली. सदर सुरू झालं आणि त्यांना 'गळवाले' हे नाव चिकटलं ते कायमचं.

तिसऱ्या वर्षी त्यांनी मेहुण्याच्या आवडत्या डोहाबद्दल लिहिलं, फाट्यापासूनच्या वाटेसकट. लेख गाजला. पुढच्या सुट्टीला दोघं गेले, तर काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. दोन महिन्यांत डोहात बोटाएवढं पिल्लूसुद्धा उरलं नाही.

मेहुण्याने काठी आवरली. "भाऊजी, जागा मी तुम्हाला दाखवली होती. तुम्ही ती जगाला वाटलीत." त्यानंतर त्याने येणं-जाणं बंद केलं.

बायकोने विचारलं, "दादा हल्ली फिरकत का नाही?" तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मला काय सांगता? ज्यांना वाट दाखवलीत त्यांना सांगा."

डोहाचं काय झालं ते त्यांनी सदरात लिहिलं आणि माफी मागितली. यापुढे कुठल्याच पाण्याचा पत्ता देणार नाही, असंही लिहिलं. संपादक वैतागले. "पत्त्याशिवाय कोण वाचणार हो?"

सुरुवातीला वाचक घटले खरे. मग गळवाल्यांना दुसरं काहीतरी शोधणं भाग पडलं. बंधाऱ्याखाली मासा नेमका कुठे थांबतो, वारा फिरला की पाण्याचा रंग कसा पालटतो, हे बघत ते वही घेऊन तासन्‌तास बसत. कित्येकदा काठी घरीच असे. वर्षभरात वाचक परतले, नवेही आले. सदर एकतीस वर्षं चाललं. दरम्यान तीन संपादक बदलले.

मेहुणा सहा वर्षांनी घरी आला. "तो माफीचा लेख मी तेव्हाच वाचला होता," तो म्हणाला.

"मग आला का नाहीत?"

"राग गेला नव्हता."

पुढे दोघं पुन्हा नदीवर जाऊ लागले, पण नवी जागा मेहुण्याने कधी दाखवली नाही. गळवाल्यांनीही विचारली नाही.

एकोणसत्तराव्या वर्षी त्यांनी सदर थांबवलं. शेवटचा लेख खेकड्यांवर होता; ते कुठल्या पाण्यातले, हे त्यातही नव्हतं.