सरांच्या नडगीवरचा वण

आमचे जीवशास्त्राचे सर धडा सुरू करताना फळ्याकडे न वळता सरळ पँट गुडघ्यापर्यंत वर करायचे. नडगीवर लहानपणी सायकलवरून पडल्याचा लांबलचक वण होता. "हा जुना वाटते तुमाले. पण यातला कोलॅजनचा दोर रोज नवा होऊन राहिला," म्हणायचे. विकरं, म्हणजे एन्झाइम्स, कातरीसारखी जुना दोर कापत राहतात, शरीर नवा विणत राहतं आणि विणायला क जीवनसत्त्व लागतं. संत्र्यांच्या पांढुर्ण्यात त्याची काय कमी, म्हणून आम्ही मुली हसायचो.

पुढे मी त्यांच्याच शेजारी राहायला आले. संत्री सोलताना सरांना मी कधी पाहिलं नाही. काकू बिया आणि पांढऱ्या शिरा काढून फोडी ताटलीत मांडायच्या, सर बोलता बोलता खायचे. लाडच होते, दुसरं काय.

काकू गेल्या. बागा असलेले विद्यार्थी संत्री पाठवत राहिले आणि सर ती गल्लीत वाटून टाकत राहिले. मीही पिशवी भरून आणायची. स्वतः ते चहा-टोस्टवर दिवस काढत होते, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

एका दुपारी त्यांनी मला बोलावलं आणि वर्गात करायचे तशी पँट वर केली. इतक्या वर्षांचा वण उघडला होता. हिरड्यांतूनही रक्त येत होतं. "कातरी काम करून राहिली. विणणंच बंद पडलं," शिकवायच्याच आवाजात म्हणाले. डॉक्टरांनीही तेच सांगितलं: स्कर्व्ही, क जीवनसत्त्वाची कमतरता. संत्र्यांच्या गावात हा आजार, म्हणून लोक हसले. मला त्या हसण्याचा फार राग आला.

मग रोज संध्याकाळी मी संत्री सोलायला जाऊ लागले. शिरा काढायचे लाड मी करणार नाही, असं पहिल्याच दिवशी बजावलं. सर गुपचूप खायचे. जखम हळूहळू भरली, तेव्हा म्हटलं, आता तुमचं तुम्हीच सोला.

त्यांनी हातातली फोड परत ताटलीत ठेवली. "सोलता येते मले, पोरी. एकट्यानं खाता येत नाही."

मी जात राहिले. या हिवाळ्यात सर झोपेतच गेले. पाया पडताना चादर जरा सरकवून मी नडगी पाहिली. वण घट्ट मिटलेला होता.

त्या संध्याकाळी सवयीनं संत्री सोलायला बसले. या वेळी शिराही काढल्या. ताटली भरली आणि ती घेऊन जायला कुठं नव्हतं.